यकृत अचानक निकामी होतं तेव्हा पांढऱ्या पेशी काय करतात? प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात फार्मसी, बायोटेक आणि मेडिकलच्या मुलांचे प्रोजेक्ट ठरायची वेळ आली की यकृताचा विषय हमखास निघतो. झाडपाल्याचा अर्क घ्यायचा, रॅटला पॅरासिटामॉल द्यायचं, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मोजायचा. मग कुणीतरी ‘इम्यून सेल्स’चं एखादं प्रकरण जोडतं आणि तिथून गोंधळ सुरू होतो. खालचे बरेचसे प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, थोडे त्यांच्या घरच्यांचे.

तीव्र यकृत निकामी होणं म्हणजे नेमकं काय?

आधी यकृताचा काही त्रास नसलेल्या माणसाचं यकृत दिवसांत किंवा आठवड्यांत काम करेनासं होणं. डॉक्टर दोन गोष्टी बघतात. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.५ किंवा त्याहून वर जातो. आणि मेंदूवर परिणाम होतो: आधी चिडचिड आणि झोपेची उलटापालट, मग भ्रम, मग बेशुद्धी. हे सगळं आजार सुरू झाल्यापासून २६ आठवड्यांच्या आत घडतं. दारूने वर्षानुवर्षं झिजत गेलेलं यकृत ही वेगळी गोष्ट.

उंदरांच्या प्रयोगात बहुतेक वेळा जे होतं ती ‘तीव्र इजा’ असते. निकामी होण्यापर्यंत गोष्ट जात नाही. पॅरासिटामॉल दिलेल्या उंदराचा एसजीपीटी काही हजारांत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच उंदीर पिंजऱ्यात तुरुतुरु पळत असतो. प्रबंधाच्या शीर्षकात मात्र बिनधास्त ‘फेल्युअर’ छापलं जातं.

कावीळ झाली म्हणजे लिव्हर फेल झालं का?

नाही. कावीळ हे लक्षण आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, घरोघरी साठवून वापरतात, आणि हिपॅटायटिस ए व ई हे दोन्ही विषाणू मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतात. त्यातले बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. गळ्यात घालायच्या काविळीच्या माळेला आणि ‘उतरवून’ देणाऱ्यांना जे यश मिळालेलं दिसतं, ते इथून येतं. थोड्यांचं यकृत मात्र खरोखर कोसळतं. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर धोका बराच जास्त.

भारतात यकृत अचानक निकामी होण्यामागे हे विषाणू मोठं कारण आहेत, शिवाय टीबीची औषधं आणि उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. ब्रिटन-अमेरिकेत पहिला नंबर पॅरासिटामॉलचा. कुणाच्या पोटात गोळ्यांचा मोठा डोस किंवा ती पेस्ट गेली असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका. पहिला दिवस फसवा असतो. पॅरासिटामॉलवरचा उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो.

यकृतात रोगप्रतिकारक पेशी मुळात असतात कशाला?

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून येतं. त्यासोबत जेवणातलं चांगलं-वाईट आणि जंतूंचे तुकडेही येतात. जुन्या जकात नाक्यावरच्या शिपायांसारख्या कुफर पेशी यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत ठाण मांडून बसलेल्या असतात. हे यकृताचे स्वतःचे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी. शरीरभरातल्या ऊतींत राहणाऱ्या मॅक्रोफेजपैकी ८० ते ९० टक्के एकट्या यकृतात असतात. त्यांच्याशिवाय एनके पेशी, एनकेटी पेशी आणि टी पेशी या लिम्फोसाइट गटातल्या पांढऱ्या पेशी असतात. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी एरवी रक्तातून फिरत असतात आणि इजा झाली की यकृतात घुसतात.

उंदरात यकृताची इजा कशी घडवतात? सगळे नमुने (मॉडेल) सारखेच नाहीत का?

अजिबात नाहीत, आणि अर्धे गैरसमज इथेच जन्मतात. कुठल्या पेशीने नुकसान केलं याचं उत्तर तुम्ही कोणता नमुना निवडला यावर ठरतं.

गॅलॅक्टोसामिन आणि एंडोटॉक्सिनचा (काही जीवाणूंच्या आवरणातल्या विषाचा) नमुना घ्या. १९७९ मध्ये गालानोस, फ्रॉयडेनबर्ग आणि रॉयटर यांनी दाखवलं की गॅलॅक्टोसामिन दिलेला उंदीर एंडोटॉक्सिनला हजारो पटींनी जास्त संवेदनशील होतो. गॅलॅक्टोसामिनमुळे यकृतपेशीतलं युरिडिन ट्रायफॉस्फेट संपतं, नवीन आरएनए बनणं थांबतं, आणि स्वतःला वाचवणारी प्रथिनं पेशीला तयार करता येत नाहीत. अशा वेळी मॅक्रोफेजने सोडलेला टीएनएफ हा दाहाचा संदेश येऊन धडकला की पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे स्वतःच स्वतःला संपवून मरते. उंदीर काही तासांत जातो.

इथे दोषी कोण, हे ज्या प्रयोगाने ठरलं तो मला फार आवडतो. सी३एच/एचईजे नावाची उंदरांची एक जात एंडोटॉक्सिनला दादच देत नाही. १९८६ मध्ये फ्रॉयडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी या उंदरांत संवेदनशील जातीचे मॅक्रोफेज घातले, आणि गॅलॅक्टोसामिन मिळाल्यावर तेही एंडोटॉक्सिनने मरू लागले. यकृत तेच, विष तेच, बदलले फक्त मॅक्रोफेज. या जातीच्या, एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या टीएलआर४ जनुकात दोष आहे हे ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये शोधलं. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी.

दुसरा नमुना कॉनकॅनाव्हॅलिन ए. आपल्या परसातल्या अबईच्या कुळातल्या एका घेवड्याच्या बियांतून हे प्रथिन काढतात. गीझा टीग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ते उंदराच्या शेपटीच्या शिरेतून दिलं आणि काही तासांत यकृत खराब झालं. टी पेशी नसलेल्या उंदरांना मात्र काही झालं नाही. इथे मुख्य भूमिका सीडी४ टी पेशींची, आणि पुढच्या कामातून एनकेटी पेशींचीही दिसली. हत्यारं म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ हे दाहाचे संदेश.

उंदरांच्या हिपॅटायटिस विषाणूचा एमएचव्ही-३ हा प्रकारही वापरतात. त्यात मॅक्रोफेज एफजीएल२ नावाचं प्रथिन बनवतात, ते बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करतं आणि यकृताचा रक्तपुरवठाच तुटतो. बाल्ब/सी उंदीर मरतात, ए/जे जातीचे तगतात.

पॅरासिटामॉलने यकृत मरतं ते औषधामुळे की पेशींमुळे?

सुरुवात औषधच करतं. जास्त डोस गेला की यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं एनएपीक्यूआय या विषारी पदार्थात रूपांतर करतं. साठ्यातलं ग्लुटाथायोन असेपर्यंत ते निकामी केलं जातं. साठा संपला की ते पेशीतल्या प्रथिनांना, विशेषतः मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनांना चिकटतं. पुढे जेएनके हे एन्झाइम जागं होतं, मायटोकॉन्ड्रियावरचा ताण वाढतो, त्याचं आवरण फुटतं आणि पेशी नेक्रोसिसने, म्हणजे फुटून मरते. नुकसान मध्यशिरेभोवती जास्त, कारण सीवायपी२ई१ तिथेच जास्त. यकृतपेशी वेगळ्या काढून डिशमध्ये ठेवल्या, जवळ एकही पांढरी पेशी नसली, तरी पॅरासिटामॉलने त्या मरतात. म्हणजे ‘प्रतिकारशक्तीनेच यकृत खाल्लं’ हे वाक्य या नमुन्यात तरी चालणार नाही.

मग पेशींचा संबंध येतो कुठे? मरणाऱ्या पेशीतून एचएमजीबी१, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए असं बरंच काही बाहेर सांडतं. जंतू नसतानाही हा माल बघून कुफर पेशी धोक्याची घंटा वाजवतात, सायटोकाइन (दाहाचे संदेश) सोडतात, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइटना बोलावतात. बोलावलेल्या या पेशींनी नुकसान वाढवलं की साफसफाई केली, यावर भांडण आहे आणि ते बरीच वर्षं चाललेलं आहे.

न्यूट्रोफिलच खरा खलनायक ना? पुस्तकात तसंच आहे.

पुस्तकातला परिच्छेद बहुधा एका विशिष्ट प्रकारच्या प्रयोगावर उभा असतो. उंदराला आदल्या दिवशी न्यूट्रोफिल संपवणारी अँटिबॉडी देतात, दुसऱ्या दिवशी पॅरासिटामॉल. इजा कमी होते. निष्कर्ष: न्यूट्रोफिल दोषी.

पॅरासिटामॉलच्या इजेचे संशोधक हार्टमुट येश्के यांच्या गटाचा आक्षेप असा की २४ तास आधी अँटिबॉडी दिली तर मेलेले न्यूट्रोफिल कुफर पेशी गिळतात आणि या धांदलीत यकृतात मेटॅलोथायोनिनसारखी संरक्षक प्रथिनं वाढतात. यकृत आधीच सावध झालेलं असतं. शिवाय न्यूट्रोफिलचं मुख्य हत्यार म्हणजे ऑक्सिजनपासून बनवलेले दाहक रेणू. ते बनवणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज ज्या उंदरांत नाही, त्यांनाही पॅरासिटामॉलची इजा तेवढीच होते. हत्याराशिवायही खून तसाच झाला, तर संशयिताकडे पुन्हा बघायला हवं.

माझं मत विचाराल तर पॅरासिटामॉलच्या पहिल्या टप्प्यात न्यूट्रोफिलवरचा आरोप कच्चा आहे. त्यांची दुसरी बाजूही आता डोळ्यांनी दिसलेली आहे. जिवंत उंदराच्या यकृतावर सूक्ष्मदर्शक रोखून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की भाजलेल्या जागी गेलेले न्यूट्रोफिल मोडक्या रक्तवाहिन्यांचा कचरा उचलतात, नव्या वाहिन्यांना वाट करून देतात, आणि नंतर फुप्फुसावाटे अस्थिमज्जेत परतून तिथे मरतात. ती इजा पॅरासिटामॉलची नव्हती, उष्णतेची होती, हे उत्तरपत्रिकेत लिहायला विसरू नका.

कुफर पेशी काढून टाकल्या तर फायदा होतो की तोटा?

दोन्ही उत्तरं छापून आलेली आहेत. १९९० च्या दशकात गॅडोलिनियम क्लोराइड देऊन कुफर पेशी निष्क्रिय केल्या तेव्हा पॅरासिटामॉलची इजा कमी झाली. २००२ मध्ये क्लॉड्रोनेट हे औषध भरलेल्या लायपोसोमने (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांनी) त्या पेशी जवळपास पूर्ण काढून टाकल्या तेव्हा इजा वाढली. इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१० सारखे सावरणारे संदेशही त्या पेशींबरोबर गेले होते. गॅडोलिनियम पेशींना पूर्ण संपवत नाही, त्यांच्या काही कामांवर आळा घालतं. ‘पेशी नाही’ आणि ‘पेशी गप्प आहे’ या दोन वेगळ्या स्थिती आहेत.

एनके आणि एनकेटी पेशींवर प्रोजेक्ट करायचा आहे. पॅरासिटामॉल डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं तर चालेल का?

थांबा. हा प्रश्न साधा वाटतो, पण यावर एक आख्खा सिद्धान्त डगमगलेला आहे.

२००४ मध्ये एका शोधनिबंधाने दाखवलं की एनके आणि एनकेटी पेशी काढल्या की पॅरासिटामॉलची इजा कमी होते. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने तेच पुन्हा करून बघितलं. पॅरासिटामॉल डीएमएसओमध्ये विरघळवलं असेल तरच पेशी काढण्याचा फायदा दिसत होता. डीएमएसओ नसेल तर या पेशी असल्या काय, नसल्या काय, फरक नाही. डीएमएसओ स्वतःच यकृतातल्या या पेशींची संख्या वाढवत होतं आणि त्यांना चेतवत होतं. वर आणखी कहर म्हणजे डीएमएसओ सीवायपी२ई१ ला अडवतं, म्हणजे विष बनणंच कमी करतं.

तेव्हा पॅरासिटामॉल कोमट सलाइनमध्ये विरघळवा. काहीही झालं तरी फक्त द्रावक दिलेला गट ठेवाच. गाइड ‘उंदीर कमी पडतील’ म्हणून तो गट कापायला सांगत असतील तर दुसरा एखादा डोस कापा.

मग मॅडम, या पेशी चांगल्या की वाईट? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात होत नाही. उलट विचारा: कोणता नमुना, आणि कितवा तास?

३०० मिलिग्रॅम प्रति किलो पॅरासिटामॉल दिलेल्या उपाशी उंदराचं वेळापत्रक साधारण असं असतं. पहिल्या दोन तासांत विष बनून होतं आणि ग्लुटाथायोन तळाला जातं. एसजीपीटी चढत जाऊन १२ ते २४ तासांच्या दरम्यान शिखरावर पोचतो. सहाव्या तासाच्या आसपास न्यूट्रोफिल जमायला लागतात. पाठोपाठ सीसीआर२ या रिसेप्टरच्या मदतीने मोनोसाइट येतात, तेव्हा त्यांच्यावर एलवाय६सी ही खूण ठळक असते. ४८ ते ७२ तासांत यांच्यातलेच कित्येक रूप बदलतात. एलवाय६सी कमी होतं, ते मेलेल्या पेशी गिळायला लागतात, दाह शमवणारे संदेश सोडतात. या टप्प्यावर मोनोसाइट येऊ दिले नाहीत तर सफाई रखडते आणि यकृत भरून यायला उशीर लागतो.

म्हणून फक्त २४ व्या तासाला एकदाच यकृत तपासून ‘मॅक्रोफेज वाढले, म्हणजे इजा मॅक्रोफेजमुळे’ असं लिहिलेला प्रबंध हाती आला की तो परत पाठवावासा वाटतो. जळालेल्या दुकानापाशी बंब उभा दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असं कुणी म्हणत नाही.

आमच्याकडे विस्टार रॅट आहेत आणि विषय भुईआवळा. तेवढ्यावर ‘इम्युनोमॉड्युलेटरी’ लिहिता येईल का?

फार घाई होईल. पहिली अडचण रॅटची. माऊसच्या (लहान उंदराच्या) मानाने रॅटला (मोठ्या उंदराला) पॅरासिटामॉल फारसं बाधत नाही. मोठा डोस देऊनही इजा किरकोळ राहते, आणि किरकोळ इजेवर कुठलाही अर्क गुणकारी दिसतो. या प्रश्नासाठी माऊस बरा, शक्यतो सी५७बीएल/६ जातीचे नर. माद्यांना इजा कमी होते, दोन्ही एकाच गटात मिसळू नका.

दुसरी अडचण मोठी आहे. अर्क सात दिवस आधीपासून देतात, मग पॅरासिटामॉल किंवा कार्बन टेट्राक्लोराइड. ही दोन्ही रसायनं सीवायपी२ई१ मधून गेल्याशिवाय विषारी होत नाहीत. अर्काने ते एन्झाइमच अडवलं तर विष बनलंच नाही, पेशी मेल्या नाहीत, पांढऱ्या पेशी आल्याच नाहीत, टीएनएफ कमी निघाला. आणि निष्कर्ष काय लिहितो आपण? ‘अर्काने दाह कमी केला.’ भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा, कुठलंही नाव टाका, वाक्य तेच.

उपाय आहे. अर्काचा एक गट असा ठेवा की ज्याला पॅरासिटामॉलनंतर दीड-दोन तासांनी अर्क मिळेल, विष बनून झाल्यावर. सुरुवातीच्या तासात ग्लुटाथायोन मोजा. तो दोन्ही गटांत सारखाच घसरला असेल तर विष सारखंच बनलं असं म्हणता येईल. त्यानंतरही इजा कमी दिसली तर पेशींबद्दल बोलायला जागा आहे.

उंदीर रात्रभर उपाशी का ठेवतात?

उपाशीपोटी ग्लुटाथायोन कमी होतं आणि सगळे उंदीर एका पातळीवर येतात. एका गटाला दाणे, दुसऱ्याला उपास असं झालं तर तुम्ही फक्त उपासाचा परिणाम मोजाल. पाणी मात्र काढायचं नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा प्रयोगावर परिणाम होतो का?

होतो. पॅरासिटामॉलच्या मोठ्या डोसने उंदराचं अंगच थंड पडतं आणि त्याच्या तापमानाने इजेचा वेग बदलतो. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि प्राणिगृहात दुपारी वीज गेलेली असेल तर मार्चचे आणि मेचे आकडे एका आलेखात टाकू नका. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. मोठा प्रयोग दिवाळीनंतर ठेवलेला बरा.

उंदरात कळून माणसाला काय फायदा ओ?

हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा होता. फायदा आहे, पण थेट नाही. उंदराच्या यकृतात एनकेटी पेशी भरपूर, माणसाच्या यकृतात फार कमी. माणसाच्या यकृतात मेट (एमएआयटी) या एका प्रकारच्या टी पेशी भरपूर, उंदरात नावापुरत्या. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर इतक्या स्वच्छतेत वाढतो की त्याची प्रतिकारशक्ती जणू बाळाचीच राहते. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतले उंदीर दुकानातून आणलेल्या उंदरांसोबत ठेवले, तेव्हा त्यांच्या पेशी प्रौढ माणसाच्या पेशींशी जास्त जुळू लागल्या. मंगळवार पेठेतल्या धान्याच्या दुकानातला उंदीर या बाबतीत आपल्याला जास्त जवळचा.

काही गोष्टी मात्र जुळतात. पॅरासिटामॉलने यकृत गेलेल्या रुग्णांतही मेलेल्या भागाभोवती मॅक्रोफेज गोळा झालेले दिसतात आणि रक्तातले मोनोसाइट कमी होतात. उरलेल्या मोनोसाइटवर एचएलए-डीआर ही खूण कमी असते, म्हणजे ते जंतूंशी नीट लढू शकत नाहीत. अशा रुग्णांचा जीव अनेकदा जंतुसंसर्गाने जातो. दाह आहे म्हणून सरसकट स्टिरॉइड देऊन फायदा का दिसला नाही, याचा एक धागा इथे सापडतो.

परवानगी कुणाची लागते?

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, प्रयोग सुरू होण्याआधी. ही समिती प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली काम करणाऱ्या केंद्रीय समितीशी जोडलेली असते. तिला आधी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. प्राणी नोंदणीकृत प्रजननकेंद्रातूनच घ्यायचे. अर्जात ‘प्रत्येक गटात सहा’ एवढंच लिहून भागत नाही, सहाच का याचा हिशोब द्यावा लागतो.

उंदीर मरेपर्यंत थांबायचं का? जुन्या पेपरांत ‘सर्व्हायव्हल’चा आलेख असतो.

त्या आलेखासाठी थांबू नका. उंदीर पाठ वाकवून, अंग पिसारून, ढोसल्यावरही हलत नसेल तर त्याचा शेवट आलेला आहे. त्याला वेदनारहित मरण देऊन यकृत लगेच फॉर्मेलिनमध्ये टाका. पिंजऱ्यात मरून पडलेल्या उंदराच्या यकृतात काही तासांत सडण्याची क्रिया सुरू होते, मग त्यात न्यूट्रोफिल मोजणं व्यर्थ. गॅलॅक्टोसामिनच्या नमुन्यात हे सहा ते आठ तासांत घडतं, तेव्हा इंजेक्शन सकाळी सातला द्या. संध्याकाळी पाचला देऊन घरी गेलात तर सकाळी हाती काही उरत नाही.